नवा अँड्रॉइड फोन रूट करण्याआधीची तयारी: अनलॉकला हात लावण्यापूर्वी वाचा

रामबागकर (इंदूर)

रूट करणं, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. फोन गळ्यात पडतो तो बहुतेक वेळा त्याआधी काहीतरी न केल्यामुळे. म्हणून हा धागा फक्त तयारीचा. उदाहरणाला पिक्सेल ७ आणि त्यापुढचे धरलेत, कारण त्यांत आडवाटा कमी. बाकी कंपन्यांचं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी खाली भर घाला. आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.

डबा उघडल्यावर पहिले काही दिवस फोन नुसता तपासा. त्यात संसार मांडू नका: व्हॉट्सअ‍ॅप, बँक, फोटो सगळं जुन्या फोनवरच राहू द्या. अनलॉक करताना नवा फोन पूर्ण पुसला जाणारच आहे, मग दोनदा हमाली कशाला? *#०६# दाबून आयएमईआय डब्याशी जुळवा. केवायएम, मग जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, नोंद कळते. दोन्ही सिमवर कॉल, दोन्ही स्पीकर, फिंगरप्रिंट, कॅमेऱ्याच्या सगळ्या लेन्स, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, उघड्यावर जीपीएस. दोष निघाला तर बदलून घ्यायची मुदत असतानाच निघावा. अनलॉक केल्यावर स्क्रीनवर हिरवी रेघ आली तरी सर्व्हिस सेंटरात पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवलं जातं.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच लोक सोडतात. परतीची वाट आधी बांधा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ला जा आणि बिल्ड नंबर अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. त्याच बिल्डची फॅक्टरी इमेज, म्हणजे फोनचं पूर्ण मूळ सॉफ्टवेअर, कंपनीच्या पानावरून कॉम्प्युटरवर उतरवा. महिना सारखा आहे म्हणून भागत नाही. एकाच महिन्यात दोन-तीन बिल्ड निघतात, शेवटचे आकडे वेगळे असतात. फाइल काही जीबींची असते, जागा मोकळी ठेवा. उतरली की विंडोजवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल फाइलनाव एसएचए२५६’ चालवून आलेली ओळ पानावरच्या ओळीशी ताडा. अर्धवट उतरलेली झिप कधीकधी उघडतेही, आणि फ्लॅश मारताना (फोनवर चढवताना) मध्येच दगा देते.

झिप उघडली की आत आणखी एक झिप असते, ‘इमेज’ नावाने सुरू होणारी. तीही उघडा. त्यातली इनिट_बूट (फोन सुरू होताना लागणारी, रूट हिच्यातच बसतं) ही आपली फाइल, साधारण ८ एमबीची. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरात ‘मूळ’ असं नाव देऊन ठेवा, तिला पुन्हा हात लावू नका. उद्या फोन लोगोवर अडकला तर हीच ८ एमबी तुम्हाला घरी आणते.

कॉम्प्युटरवर प्लॅटफॉर्म-टूल्स गूगलच्या पानावरूनच घ्या. त्यात दोन अवजारं: चालू फोनला आज्ञा देणारं एडीबी आणि बूटलोडरमधल्या फोनला आज्ञा देणारं फास्टबूट. ‘मिनिमल एडीबी’ नावाचं जे जुनं पुडकं वर्षानुवर्षं फिरतंय त्यातल्या फास्टबूटला अँड्रॉइड १० नंतरची विभाजनं नीट कळत नाहीत. फोल्डर सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. नावात जागा किंवा मराठी अक्षरं असलेल्या रस्त्यावर काही अवजारं अडखळतात. पॉवरशेलमध्ये आज्ञेआधी डॉट आणि बॅकस्लॅश लागतो, नाहीतर ‘फास्टबूट ओळखता येत नाही’ असं लाल अक्षरांत येतं आणि माणूस उगाच ड्रायव्हरमागे लागतो.

बॅटरी किमान ६० टक्के. कॉम्प्युटर शक्यतो लॅपटॉप. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि फ्लॅश चालू असताना डेस्कटॉप बंद पडणं परवडत नाही.

मग बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. यूएसबी डीबगिंग चालू. ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर उघडायची परवानगी) चालू. पिक्सेलला हे बटण उमटायला एकदा इंटरनेट लागतं, वायफाय जोडून थोडं थांबा. तिथेच ‘ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स’ बंद करून टाका, कारण पुढे सांगतो.

अजून अनलॉक करू नका. खालच्या प्रतिसादांत यूपीआयचं येईलच, ते वाचून मग ठरवा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

उत्तम. शाओमी, रेडमी, पोकोवाल्यांसाठी भर घालतो, कारण तिथे तयारी दिवसांची असते.

हायपरओएस (शाओमीची नवी सिस्टिम) असलेल्या ग्लोबल, म्हणजे चीनबाहेरच्या, फोनांना आधी शाओमी कम्युनिटी अ‍ॅपमधून परवानगी मागावी लागते. खातं ३० दिवसांहून जुनं हवं. म्हणजे फोन घ्यायचा विचार असेल तर खातं आजच उघडून ठेवा. रोजचा कोटा ठरलेला असतो आणि तो बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या रात्री ९.३० ला नव्याने सुरू होतो. ९.३५ ला गेलात तर बहुधा ‘आजचा कोटा संपला’ हेच दिसणार. परवानगी मिळाली की डेव्हलपर ऑप्शन्समधल्या ‘एमआय अनलॉक स्टेटस’मध्ये खातं जोडा. सिम आत, मोबाइल डेटा चालू, वायफाय बंद. मग थांबायचं: हायपरओएसवर सहसा ७२ तास, जुन्या एमआययूआयवर १६८. या काळात ‘खातं जोडा’ पुन्हा दाबू नका, घड्याळ शून्यापासून सुरू होतं असा बहुतेकांचा अनुभव आहे. खात्यातून बाहेरही पडू नका.

फास्टबूटमध्ये (म्हणजे बूटलोडरमध्ये) गेल्यावर ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ चालवा. आकडा आला तर तो तुमचा अँटी-रोलबॅक क्रमांक. त्याहून कमी क्रमांकाची रॉम (सिस्टिमची पूर्ण फाइल) मारली की फोनची वीट होते. मग ईडीएल (चिपच्या आणीबाणीच्या) मोडमधून उठवायचा तर अधिकृत खातं लागतं, आणि ते आपल्यासारख्यांकडे नसतं.

बाकी कंपन्या थोडक्यात. मोटोरोला: फास्टबूटमधून कोड काढायचा, त्यांच्या पानावर द्यायचा, अनलॉकचा कोड ईमेलने येतो. नथिंग आणि वनप्लसचे बरेच फोन पिक्सेलसारखे सरळ. विवो-आयकूला अधिकृत वाट नाही; रूटच करायचं असेल तर ते घेऊ नका. सॅमसंगचं रामबागकरांशी थोडं जमत नाही माझं: तिथे ‘आधी सगळे अपडेट मारून घ्या, मग बघू’ असं म्हणून चालणार नाही. वन यूआय (सॅमसंगची सिस्टिम) ८ पासून ओईएम अनलॉकिंगचं बटणच काढून टाकलंय. अपडेट घेतलात की दार बंद.

रामबागकर

अपडेट मारा असं मी कुठे म्हटलं नाही, पण मुद्दा रास्त. पिक्सेलवर अपडेट घेऊन मग त्याच बिल्डची इमेज घ्यावी. सॅमसंग-शाओमीवर आधी शोध, मग अपडेट.

सॅमसंगबद्दल आणखी एक: अनधिकृत इमेज चढली की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज कायमचा उडतो. मूळ रॉम परत टाकली तरी तो ०x१ वरून ०x० वर येत नाही. सिक्युअर फोल्डर गेलं ते गेलंच.

सुदामानगर_१२ (इंदूर)

एडीबी डिव्हाइसेसमध्ये फोन दिसतोय, नंबर येतोय. पण बूटलोडरमध्ये नेलं की ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडकतं, पुढे सरकतच नाही. केबल फोनसोबत आलेलीच आहे. काय करू?

जेलरोडकर (इंदूर)

हे रोजचं दुखणं आहे, भिया. एडीबी चालतं म्हणजे फास्टबूट चालेलच असं नाही. फोन बूटलोडरमध्ये गेला की यूएसबीवर वेगळी ओळख सांगतो, विंडोजला ते वेगळंच यंत्र वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा.

फोन बूटलोडरमध्ये ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अदर डिव्हाइसेस’खाली ‘अँड्रॉइड’ किंवा फोनचं नाव, शेजारी पिवळा त्रिकोण दिसेल. उजवी टिचकी, अपडेट ड्रायव्हर, ‘माझ्या कॉम्प्युटरवर शोध’, मग ‘यादीतून निवडतो’, ‘हॅव डिस्क’. गूगल यूएसबी ड्रायव्हरची झिप आधी उघडून ठेवलेली असावी, तिच्यातली आयएनएफ फाइल दाखवा आणि ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडा. विंडोज कुरकुर करेल, हो म्हणा. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण ‘नो परमिशन्स’ आलं तर यूडेव्हचे (यूएसबीला परवानगी देणारे) नियम टाकायचे राहिलेत.

ड्रायव्हर बसूनही तेच होत असेल तर पोर्ट. एएमडी रायझनच्या काही मशिनांवर यूएसबी ३ च्या पोर्टला फास्टबूट मध्येच गप्प बसतं, किंवा फाइल पाठवताना ‘फेल्ड’ देतं. इलाज फुसका वाटतो पण चालतो: मध्ये साधा यूएसबी २.० चा हब टाका. काळ्या जिभेचा पोर्ट असेल तर तोच वापरा. केबल सी-टू-सी असेल तर ए-टू-सी लावून बघा.

डॉलर मार्केटातून केबल घेताना डेटाची आहे का ते काउंटरवरच लॅपटॉपला किंवा दुसऱ्या फोनला लावून बघा. चार्जिंगपुरत्या केबलींत डेटाच्या दोन तारा नसतातच, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

सुदामानगर_१२

त्रिकोणच होता. ड्रायव्हर बसवला, आता ‘फास्टबूट डिव्हाइसेस’मध्ये नंबर येतोय. अनलॉक मारू का?

मांडवीवाली (बडोदा)

थांबा, आधी यूपीआयचं वाचा.

बूटलोडर अनलॉक झाला की तो उघडा आहे अशी साक्ष फोनच्या हार्डवेअरमधला सुरक्षित भागच देतो, तीही सही करून. प्ले इंटिग्रिटी ही गूगलची तपासणी सेवा हीच साक्ष बघते. तिच्या तीन पायऱ्या: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर डिव्हाइसच्या पायरीलाही हार्डवेअरची साक्ष लागते. म्हणून पूर्वी एखादं मॉड्यूल (रूटवर चालणारं जोड-पुडकं) टाकून जे भागायचं ते आता भागत नाही. आज जे उपाय फिरतात त्यात बाहेर फुटलेली दुसऱ्याच फोनची किल्ली, म्हणजे कीबॉक्स, वापरतात. गूगल त्या किल्ल्या रद्द करत राहतं. सकाळी चाललेलं अ‍ॅप संध्याकाळी बंद, यात नवल नाही. शिवाय टेलिग्रामवर विकत घेतलेल्या किल्लीवर बँकेचं अ‍ॅप चालवणं मला तरी पटत नाही.

प्रत्येक बँकेचं अ‍ॅप वेगळं वागतं. काही फक्त रूट शोधतात, काही अनलॉकवरच अडतात, काहींना काहीच फरक पडत नाही. त्यामुळे ‘माझ्या फोनवर चालतं’ हे उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही.

साधा मार्ग: जुना फोन लॉक असलेलाच ठेवा आणि बँकेत नोंदलेल्या नंबराचं सिम त्यातच राहू द्या. यूपीआय सिमला बांधलेलं असतं, नोंदणीचा एसएमएस त्याच फोनमधून जावा लागतो, त्यामुळे नुसतं अ‍ॅप इकडे आणि सिम तिकडे असं जमत नाही. नव्या फोनात दुसरा नंबर टाका. दुसरा फोन सांभाळायचा नसेल तर रूटचा विचार सोडा, हे स्पष्टच सांगते.

आणखी एक: काही फोनांत अनलॉक केल्यावर वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारी गूगलची व्यवस्था) एल१ वरून एल३ वर घसरतं, आणि पैसे भरलेल्या ओटीटीवरही चित्र ४८० च्या आसपासच दिसतं. मॉडेलनुसार बदलतं, आपल्या मॉडेलच्या चर्चेत आधी शोधा.

नारायणबागेतला (इंदूर)

मला फक्त जाहिराती आणि कंपनीने भरलेला कचरा काढायचाय. त्यासाठी एवढं सगळं?

मांडवीवाली

मुळीच नको. निम्म्या लोकांचं काम रूटशिवाय होतं.

यूएसबी डीबगिंग चालू करून ‘एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --युजर ० पॅकेजनाव’. अ‍ॅप तुमच्यापुरतं जातं, मूळ प्रत सिस्टिममध्ये राहते. चुकून गरजेचं उडालं तर ‘एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग पॅकेजनाव’ने परत येतं. एका वेळी एकच काढा, फोन चालू-बंद करून बघा, मग पुढचं. यादी आंधळेपणाने चिकटवली की लाँचर नाहीतर डायलर जातो. शाओमीवर काही सिस्टिम अ‍ॅप्स अशी काढली की फोन सुरूच होत नाही, तिथे जास्त जपून.

जाहिरातींसाठी प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती अडवणारा पत्ता टाका. ब्राउझर आणि बऱ्याच अ‍ॅप्समधल्या जातात. यूट्यूबच्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. शिझुकू हे अ‍ॅप टाकलंत तर रूटसारखी बरीच कामं होतात, फक्त फोन बंद होऊन सुरू झाला की ते सहसा पुन्हा चालू करावं लागतं.

रामबागकर

+१. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं हेही आता बऱ्याच फोनांत आतच आहे, त्यासाठी रूट करू नका. पूर्ण बॅकअप, वेगळा कर्नल (सिस्टिमचा गाभा), सिस्टिमभर फाँट, जुन्या फोनवर लिनीएज (अँड्रॉइडची मोफत पर्यायी रॉम) अशा गोष्टी हव्या असतील तर पुढे वाचा.

सुदामानगर, यूपीआयचं ठरलं असेल तर पुढचा क्रम असा.

‘एडीबी रीबूट बूटलोडर’, मग ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’. फोनवर प्रश्न येतो. आवाजाच्या बटणांनी ‘अनलॉक द बूटलोडर’वर या, पॉवरने होकार द्या. सगळं पुसलं जातं. इथून पुढे दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येणार, त्याला इलाज नाही.

फोन सुरू झाला की खातं न टाकता पुढे जा आणि डीबगिंग पुन्हा चालू करा. रूट देणाऱ्या मॅजिस्क अ‍ॅपची एपीके फक्त त्याच्या गिटहबच्या पानावरून. त्याची दुसरी कुठलीही ‘अधिकृत’ वेबसाइट नाही. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या बहुतेक नकली आहेत. मूळ इनिट_बूटची प्रत ‘एडीबी पुश’ने फोनच्या डाउनलोडमध्ये टाका. मॅजिस्कमध्ये इन्स्टॉल, ‘सिलेक्ट अँड पॅच अ फाइल’, ती फाइल. मॅजिस्क_पॅच्ड नावाची नवी फाइल तिथेच तयार होते, ती ‘एडीबी पुल’ने कॉम्प्युटरवर आणा. व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःलाच पाठवणं वगैरे नको. मोठ्या फाइलींच्या बाबतीत एमटीपीवरही (केबलने फोल्डर उघडून कॉपी करण्यावर) भरवसा ठेवू नये, सॅमसंगच्या एपी फाइली त्याने खराब होतात.

मग बूटलोडरमध्ये ‘फास्टबूट फ्लॅश इनिट_बूट’ आणि पॅच केलेल्या फाइलचं नाव. ‘फास्टबूट रीबूट’. झालं.

पिक्सेल ६ किंवा अँड्रॉइड १२ घेऊन बाहेर पडलेला फोन असेल तर इनिट_बूट नसते, तिथे ‘बूट’ नावाची फाइल पॅच करायची. नंतर १३ वर अपडेट झाला तरी बूटच. निकष एकच: फॅक्टरी इमेजमध्ये इनिट_बूट फाइल आहे का? असेल तर तीच. जुने व्हिडिओ बघून नव्या फोनवर बूट पॅच करून मारली की फोन सुरू होतो पण रूट मिळत नाही, आणि माणूस दिवसभर मॅजिस्कला शिव्या घालतो.

लष्करवाला

बूटवाल्या फोनांवर आधी ‘फास्टबूट बूट’ने नुसती तात्पुरती चालवून बघता येते, काही गडबड झाली तर रीस्टार्ट केला की मूळ पदावर. इनिट_बूटला ही सोय नाही, ती थेट फ्लॅशच करावी लागते. म्हणूनच मूळ फाइल हाताशी हवी.

रूट मिळाल्यावर मॉड्यूल्सकडे धावू नका, आधी हे करा. एडीबी शेलमध्ये ‘एसयू’ (रूटचा अधिकार घ्यायला), मग ‘डीडी’ या कॉपीच्या आज्ञेने पर्सिस्ट आणि ईएफएस विभाजनांच्या प्रती काढा. स्रोत: डेव्ह, ब्लॉक, बाय-नेम या फोल्डरातलं त्या विभाजनाचं नाव, प्रत एसडीकार्डवर. क्वालकॉम चिपवर ईएफएस म्हणजे मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी. मीडियाटेकवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा. यात आयएमईआय आणि रेडिओची जुळणी असते. पर्सिस्टमध्ये सेन्सरची, बऱ्याच फोनांत फिंगरप्रिंटचीही. या फॅक्टरी इमेजमध्ये मिळत नाहीत, प्रत्येक फोनच्या स्वतःच्या असतात. गेल्या तर ‘नो नेटवर्क’ घेऊन बसा. फाइली लगेच कॉम्प्युटरवर हलवा आणि मदत मागताना गटात टाकू नका, तुमचा आयएमईआय त्यात आहे.

सुदामानगर_१२

रूट मिळालं. प्रती काढल्या. ते ऑटोमॅटिक अपडेट बंद करायचं कारण सांगणार होतात?

रामबागकर

फोनमध्ये अ आणि ब असे दोन स्लॉट, म्हणजे सिस्टिमच्या दोन जागा. तुम्ही ‘अ’वर चालत असताना अपडेट गुपचूप ‘ब’मध्ये बसतं आणि पुढच्या रीस्टार्टला फोन ‘ब’वरून उठतो. तिथली इनिट_बूट कोरी, म्हणून रूट गायब. फोन मरत नाही, पण मॉड्यूल्सवर अवलंबून असलेलं सगळं थांबतं.

अपडेट घ्यायचं तेव्हा मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉल, ‘रिस्टोअर इमेजेस’. रीस्टार्ट नाही. मग सेटिंग्जमधून अपडेट बसू द्या, ‘रीस्टार्ट करा’ म्हणेल तेव्हा करू नका. परत मॅजिस्क, इन्स्टॉल, ‘इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट’. आता रीस्टार्ट, तेही मॅजिस्कच्याच बटणाने. नव्या बिल्डची फॅक्टरी इमेज मात्र आधीच उतरवून ठेवा, जुनी इनिट_बूट आता उपयोगाची नाही.

पिक्सेल ६, ६ प्रो, ६ए वाल्यांनो: ऑगस्ट २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने बूटलोडरचा रोलबॅक बंद केला. दुसऱ्या स्लॉटमध्ये जुना बूटलोडर राहिला आणि फोन तिकडे वळला तर उठत नाही. नवा बूटलोडर दोन्ही स्लॉटांत घाला.

नारायणबागेतला

मॉड्यूल टाकल्यावर लोगोवरच फिरत राहिला तर?

जेलरोडकर

सुरू होताना लोगो दिसला की आवाज कमीचं बटण दाबून ठेवा. सेफ मोडमध्ये उठला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करतं, नेहमीसारखं रीस्टार्ट केल्यावरही ती बंदच राहतात. केबल लावलेली असेल आणि डीबगिंगला परवानगी दिलेली असेल तर ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स’ चालवून ठेवा, संधी मिळताच काढून टाकतं. दोन्ही नाही जमलं तर मूळ इनिट_बूट फ्लॅश करा, डेटा तसाच राहतो.

आणि फोन अजून घ्यायचाच असेल तर: परदेशातून आलेले पिक्सेल स्वस्तात मिळतात, सीलबंदसुद्धा. अमेरिकेतल्या काही नेटवर्क कंपन्यांच्या फोनांत ओईएम अनलॉकिंगचं बटण राखाडी असतं आणि राखाडीच राहतं. पैसे देण्याआधी काउंटरवर हॉटस्पॉट जोडा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, बटण सरकतंय का बघा. दुकानदार ‘घरी गेल्यावर होईल’ म्हणाला तर घेऊ नका.

सुदामानगर_१२

शेवटचं. वर्षभराने विकायचा झाला तर बूटलोडर परत लॉक करता येतो ना?

रामबागकर

येतो, पण आधी पूर्ण मूळ फॅक्टरी इमेज, दोन्ही स्लॉटांत. मग फोन एकदा नीट सुरू होऊ द्या, ओईएम अनलॉकिंगचं बटण चालूच आहे ना ते बघा, आणि तेव्हाच ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’. पॅच केलेली इनिट_बूट किंवा दुसरी रॉम आत असताना लॉक केलात तर सही जुळत नाही, फोन उठत नाही, आणि बटण बंद असेल तर पुन्हा अनलॉकही होत नाही. शाओमीवर फोनच्या हार्डवेअरचा प्रदेश आणि रॉमचा प्रदेश वेगळा असताना लॉक केला तरी हेच. लॉक करतानाही डेटा पुसला जातो. विकताना फोन लॉक, सुरू, बटण बंद, खातं काढलेलं, या क्रमाने द्या.